'माका म्हायत नाय' खोडू नकोस

प्रिय मुली,

राजकारण आणि बातम्यांची माहिती विचारणाऱ्या तुझ्या सर्वेक्षणाची एक्सेल शीट पाहिली. देवगड तालुक्यातल्या तीन वाड्या, 140 फॉर्म, त्यातले 52 पिवळे रंगवून पुढे लिहिलंयस, 'निरुपयोगी, काढू का?' कारण काय, तर आठपैकी पाच प्रश्नांना 'माहीत नाही'. काढायचे नाहीत. 'माहीत नाही' हे उत्तर आहे, रिकामी जागा नव्हे.

आधी तुझाच चौथा प्रश्न बघ: 'तुमचे जिल्हा परिषद सदस्य कोण?' फॉर्म भरलेस मे 2025 मध्ये. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत संपली मार्च 2022 मध्ये, आणि तिथे प्रशासक आले. म्हणजे जुन्या सदस्याचं नाव ठोकून देणाऱ्याला तू गुण दिलास आणि गप्प बसणारीला शून्य. जुनी प्रश्नावली तारीख न बघता उचलली की असंच होतं. ग्रामसभेच्या गणपूर्तीचंही, म्हणजे किमान हजेरीचंही, तेच. तू फक्त '15 टक्के' बरोबर धरलंस. नियम आहे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी ते. 1,200 मतदारांच्या गावात 'शंभर' म्हणणारे आजोबा चुकलेले नाहीत, तुझी उत्तरसूची चुकली आहे.

आता फॉर्म 61. समासात पेन्सिलने तूच लिहिलंयस: 'सासरे पडवीत. झिलाक इचारा (मुलाला विचारा) म्हणाल्या.' अगं, हे अज्ञान आहे का? या घरात राजकारणावर बोलायचा हक्क कुणाचा, ते त्या बाईने तुला दोन शब्दांत सांगितलं. तू नोंदलंस, आणि मग पिवळं केलंस! मोंडाक आणि अँडरसन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या सर्वेक्षणांवरून दाखवलं की पुरुष अंदाज ठोकतात, बायका 'माहीत नाही' म्हणतात, आणि राजकीय माहितीतल्या स्त्री-पुरुष तफावतीचा निम्म्याच्या आसपास भाग एवढ्यानेच तयार होतो. ते 52 फॉर्म बहुतेक कुणाचे आहेत, मोजून बघ.

म्हणून 'माहीत नाही'चा एकच कोड फोड. 81 खरंच माहीत नाही, 82 दुसऱ्याकडे बोट, 83 सांगायचं नाही, 84 प्रश्नच कळला नाही. शेजारी कोण बसलं होतं याचा वेगळा रकाना. समासात काही लिहिलेलं नसेल तिथे 89, प्रकार नोंदला नाही. आता आठवून भरू नकोस.

मे महिना निवडलास तोही महागात पडला. घरं चाकरमान्यांनी भरलेली, आंब्याच्या पेट्या भरायची घाई, आणि विरारहून आलेला पुतण्या आजीच्या वतीने धडाधड उत्तरं देतोय. पहिलाच प्रश्न हवा: गेल्या बारा महिन्यांतले किती महिने या घरात राहिलात?

माध्यमांचा भाग तर अगदीच ढिसाळ. 'बातम्या कुठून मिळतात?' याला 'मोबाईल' हे उत्तर म्हणजे पेपर कुठून येतो तर एसटीतून, तसं. लोक बातम्या किती बघतात ते वाढवूनच सांगतात, म्हणून 'सहसा' विचारू नकोस. कालचं विचार: काल दुपारपासून आत्तापर्यंत गावाबाहेरची कुठली गोष्ट कळली, कुणाकडून, फोन कुणाच्या हातात होता? आणि इथेही 'म्हायत नाय' आलं तर तेच लिही.

गाईड म्हणतात वगळ. वगळून मीही टक्केवारी सुबक केली आहे, आणि ती छापील आहे, आता खोडता येत नाही. तेव्हा हाताने कोडिंग होतं, वेळ नव्हता, वगैरे कारणं माझ्याकडे आहेत. चांगली कारणं आहेत. तुझ्याकडे तीही नाहीत.

लावणी उरकली की गणपतीच्या आधी पुन्हा जा. पिवळ्यांतले 20 आणि बाकीच्यांतले 20, दोन्ही चिठ्ठ्या टाकून. नुसत्या पिवळ्यांकडे गेलीस तर तुलना कशाशी करणार? दुपारी दोन ते चार, मागीलदारी, एकटीशी. 'म्हायत नाय' आलं की मनात पाच आकडे मोज, मग एकदाच विचार, 'अंदाजान?' दुसऱ्यांदा नाही, नाहीतर तुला खूश करायला काहीतरी सांगतील. अंदाजाचं उत्तर वेगळ्या रकान्यात. पहिलं 'म्हायत नाय' जागच्या जागी राहू दे.

चौथा प्रश्न गुणांतून बाद कर. आणि मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून तो पिवळा रंग आजच काढ.