काचबिंदूच्या थेंबांनी आईच्या डोळ्याचा दाब १६ वर आलाय. आता थेंब बंद केले तर चालेल का?
नाही, बंद करू नका. दाब १६ आहे तो थेंबांमुळेच. लॅटानोप्रोस्ट, टिमोलॉलसारखी औषधं आजार बरा करत नाहीत, दाब फक्त खाली धरून ठेवतात. थांबवली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पुन्हा चढतो. डोळा दुखत नाही, समोरचं नीट दिसतं, पण आत नस सुकत जाते आणि कडेची नजर जाते. मोतीबिंदूत ऑपरेशनने नजर परत मिळते, तशी ही मिळत नाही, म्हणून कळकळीने सांगतोय. थेंबांनी जळजळ होत असेल किंवा खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थेंब बदलता येतात, काहींना लेसरही चालतो. दाब स्टिरॉइडमुळे वाढला असेल, तर मात्र स्टिरॉइड थांबल्यावर डॉक्टर कधीकधी थेंब बंद करतात. आणि तुम्ही स्वतःचेही डोळे तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.