वाचकांचे प्रश्न : पाऊस शंभर टक्के, मग पऱ्हाटी (कपाशी) का वाळली?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात सातवीच्या मुलांकडून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर महिन्यावार पावसाचा स्तंभालेख काढून घेतला. लोक नजर टाकून पुढे जात. एक काका मात्र थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ऑगस्टात शंभर टक्के पाऊस दाखवता, मंग माही पऱ्हाटी काहून वाळली?" यंदा काय काढावं?
— एक शिक्षिका, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचा खरा वाचक ते काकाच. स्तंभात खोटं काही नव्हतं. पण तीन आठवडे उघाड पडली आणि शेवटच्या दोन दिवसांत धो धो कोसळला, तरी महिन्याची बेरीज सरासरीइतकी, म्हणजे शंभर टक्के, भरतेच. वावर बरड, पाणी न धरणारं असेल तर तोवर पीक हातचं गेलेलं असतं.

म्हणून यंदा बेरीज नको, दिवस काढा. १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ चौकटींची एक लांब पट्टी. २.५ मि.मी.पेक्षा कमी पाऊस झाला तर चौकट कोरी. हवामान खातंही तेवढ्या पावसाशिवाय 'पावसाचा दिवस' धरत नाही. पुढे पाऊस वाढेल तसा निळा गडद करत न्या. चुन्यात नीळ कमी-जास्त केली की फिकट छटा फुकटात होतात. ६५ मि.मी.च्या वर गेला तर जांभळा ऑइलपेंट. हा आकडा गावाला पाठ आहे, कारण महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) अतिवृष्टीचे पंचनामे त्यावरच अडतात. खाली लिहून ठेवा : एवढा पाऊस म्हणजे एकरी सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. कोऱ्या चौकटी ओळीनं आल्या की पावसाचा खंड लांबूनही दिसतो, काकांना विचारावं लागत नाही.

तारखांच्या खाली नक्षत्रं टाका : मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. आपल्याकडे पेरणीचा हिशेब अजूनही त्यांवरच बोलला जातो. ७५ ते १०० मि.मी. झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो; ती बेरीज ज्या दिवशी पुरी होईल तिथे एक उभी रेघ मारा.

लाल-पिवळा वापरू नका. हवामान खात्याच्या जिल्हावार पावसाच्या नकाशात तूट लाल आणि त्याहून मोठी तूट पिवळी असते. इशाऱ्यांत उलट : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे सर्वांत गंभीर. लोक मोबाईलवर दोन्ही बघतात आणि गोंधळतात. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरवा वेगळा ओळखूच येत नाही.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी २०१८मध्ये तापमानाच्या पट्ट्या केल्या : एक वर्ष, एक उभी रेघ, थंड ती निळी, गरम ती लाल, आकडा एकही नाही. जगभर त्या चालल्या. तुम्ही बघितल्या असतील. पावसाला मात्र ती युक्ती जशीच्या तशी लावू नका. अख्खं वर्ष एका रंगात कोंबलं की खंड पुन्हा गायब. तापमानाची भिंत पोट्ट्यांना उन्हाळ्यात करू द्या.

मंडळाचे रोजचे आकडे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. पण मंडळाचं केंद्र तुमच्या शिवारापासून दूर असेल, तर शाळेत पर्जन्यमापक ठेवून खाली दुसरी पट्टी काढा. दोन्हींत फरक पडेल. पडू द्या, तोही दिसू द्या.

आणखी एक. नोकरीत असताना मी पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठलाच मोजत असे, कारण पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ धरतात. सोमवारी संध्याकाळी झोडपून गेलेला पाऊस मंगळवारच्या चौकटीत येणार. हे पट्टीखाली ठळक अक्षरांत लिहा, नाहीतर पारावर पहिलं भांडण यावरूनच होईल.