कॅरेट आणि भाव उलटे गेले, तरी बिल जुळतं

एकेक ओळ नाही, शंभर-दोनशे ओळी एकदम प्रोसीजरला (डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्रामला) कशा द्यायच्या, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो आहे. प्रत्येक प्रश्नाआधी विचारणाऱ्याचं ठिकाण दिलं आहे, खाली माझं उत्तर. विचारणारे बहुतेक सी शार्प ही भाषा आणि एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस वापरणारे, म्हणून उत्तरंही तीच धरून देतो. पद्धत २००८च्या आवृत्तीपासून आहे. डेटाबेसमध्ये आधी टेबल टाइप, म्हणजे कोणते कॉलम कोणत्या क्रमानं येणार याचा साचा, बनवायचा. प्रोसीजरमध्ये त्या टाइपचा पॅरामीटर (हाच टेबल पॅरामीटर) रीडओन्ली म्हणून घ्यायचा. कोडमध्ये पॅरामीटरचा प्रकार स्ट्रक्चर्ड ठेवून टाइपनेममध्ये टाइपचं नाव लिहायचं.

धरमपेठ: क्वेरीत ‘यापैकी कोणताही’ सांगणाऱ्या ‘इन’च्या कंसात एकच पॅरामीटर ठेवला आणि त्यात ‘१२,१५,१९’ पाठवलं. कन्व्हर्जन फेल्ड येतं. मित्र म्हणतो, क्वेरीची स्ट्रिंगच जोडून टाक.

मित्राचं ऐकू नका. स्ट्रिंग जोडली की यादीत कोणी काय टाइप केलं ते थेट क्वेरी होऊन चालतं. इंजेक्शन म्हणतात ते हेच. पॅरामीटर म्हणजे एकच किंमत, त्यामुळे तुमची ‘१२,१५,१९’ ही सर्व्हरसाठी एक अख्खी स्ट्रिंग आहे आणि तिचा आकडा होत नाही. एका कॉलमचा टेबल टाइप करा, आयडी त्यात पाठवा आणि तुमचं टेबल त्याला जोडा, म्हणजे जॉइन लावा. प्रत्येक आयडीला वेगळा पॅरामीटर देऊ असं मनात असेल, तर एका विनंतीत २१०० पॅरामीटरपर्यंतच मुभा आहे.

बुटीबोरी: यादी रिकामी असली की प्रोग्राम पडतो.

एसक्यूएलडेटारेकॉर्डची (सी शार्पमधून एकेक ओळ पाठवायच्या ऑब्जेक्टची) रिकामी यादी चालत नाही. तिच्या जागी सी शार्पचा नल द्या, डेटाबेसची रिकामी किंमत दाखवणारा डीबीनल नव्हे.

कळमना: आडतीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबल टाइपचे कॉलम लॉट, कॅरेट (संत्र्यांचे क्रेट), भाव असे आहेत. नव्या मुलानं कोडमधल्या डेटाटेबलमध्ये (ओळी भरून पाठवायच्या तक्त्यात) भाव कॅरेटच्या आधी लिहिला. एरर नाही, बिलंही बरोबर. फक्त संत्र्यांचा स्टॉक वेडावाकडा दिसतो. कॉलमची नावं तर तीच आहेत!

नावं सर्व्हर बघतच नाही. डेटाटेबलमधला पहिला कॉलम टाइपच्या पहिल्या कॉलममध्ये जातो, दुसरा दुसऱ्यात. कॉलमची संख्या कमी-जास्त झाली तर तो अडवतो. क्रम बदलला आणि प्रकार जुळत असले तर निमूटपणे घेतो. तुमचे कॅरेट आणि भाव दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक, आहेत. ४० कॅरेट गुणिले ६५० रुपये म्हणजे २६,०००. उलटं केलं तरी २६,०००च. बिल जुळणारच. पण गोदामाच्या खात्यात ४० ऐवजी ६५० कॅरेट पडले. आंबिया बहाराच्या गर्दीत हे दोन दिवस चाललं, तरी नंतर कोणता लॉट खरा हे कागदी चिठ्ठ्या काढल्याशिवाय कळत नाही.

‘टाइप आहे म्हणजे डेटाबेस सांभाळून घेईल’ ही ऐकीव गोष्ट आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिच्यामुळेच होतं. टेबल टाइप हा दोन बाजूंमधला करार आहे आणि त्यात क्रम हेच मुख्य कलम. त्यामुळे चार गोष्टी कराच. डेटाटेबलचे कॉलम बनवणारं फंक्शन एकच ठेवा; जो पाठवेल तो त्याच्याकडूनच घेईल. डेटाटेबलऐवजी एसक्यूएलडेटारेकॉर्ड वापरत असाल तर कॉलमचं वर्णनही असंच एका जागी ठेवा. तिथे डेसिमलचा प्रिसिजन (एकूण अंक) आणि स्केल (दशांशानंतरचे अंक) स्वतः लिहा. न लिहिल्यास १८ आणि ० धरले जातात आणि रुपयांपुढचे पैसे गळतात. दुसरं, टाइपमध्येच चेक, म्हणजे किमतीवरची अट, लावा: एका लॉटमध्ये तुमच्याकडे ३००च्या वर कॅरेट येत नसतील, तर कॅरेट ३००च्या आत हवेत. ही एक ओळ असती तर पहिल्याच लॉटला एरर आली असती. तिसरं, ॲप सुरू होताना सिस.टेबल_टाइप्स या डेटाबेसच्या स्वतःच्या यादीतून टाइपचा टेबल ऑब्जेक्ट आयडी घ्या, सिस.कॉलम्समधून त्याच्या कॉलमची नावं कॉलम_आयडीच्या क्रमानं वाचा आणि कोडमधल्या नावांशी ताडून पाहा. जुळली नाहीत तर ॲप सुरूच होऊ देऊ नका. चौथं, चाचणीत एकच ओळ पाठवा, लॉट ११, कॅरेट २२, भाव ३३, आणि टेबलमधून वाचून बघा. सगळीकडे १ टाकून केलेली चाचणी इथे काहीच पकडत नाही.

आता आधीच बिघडलेल्या नोंदींची दुरुस्ती. ‘कॅरेट आणि भाव उलटे करा’ असा अपडेट सरसकट चालवू नका. बिघाडाआधीच्या चांगल्या ओळीही उलटतील. नवा कोड कोणत्या तारखेला, किती वाजता चढला ते काढा, बॅकअप घ्या आणि तुमचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आणि हिशेबनीस दोघांना समोर बसवूनच हात लावा. हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका, रोज नवे लॉट चढत आहेत.

गायत्रीनगर आयटी पार्क: एक विक्रेता म्हणतो, आमची सशुल्क लायब्ररी घेतली की दोन लाख ओळी टेबल पॅरामीटरनं झटक्यात जातील.

आधी फुकटात जे मिळतं ते मोजा. हजाराच्या आतल्या इन्सर्टसाठी टेबल पॅरामीटर चांगला, असं मायक्रोसॉफ्टचं दस्तऐवजच सांगतं. हजाराच्या वर ओळी असतील तर एसक्यूएलबल्ककॉपी हे घाऊक ओळी भरण्याचं साधन आहे. तुमच्या ओळी, तुमचं नेटवर्क आणि तुमचे इंडेक्स घेऊन दोन्ही मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरचा डेमो हा पुरावा नव्हे.

सीताबर्डी: तीच प्रोसीजर सकाळी पळते, दुपारी अडकते.

सकाळी पाच ओळी गेल्या आणि त्यावर प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरचा आराखडा, बनला. दुपारी वीस हजार ओळी त्याच प्लॅनवर आल्या, अशी दाट शक्यता आहे. टेबल पॅरामीटरच्या कॉलमवर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे त्यात कोणत्या किमती किती आहेत याची आकडेवारी, ठेवले जात नाहीत. ओळी आधी टेंप (तात्पुरत्या) टेबलमध्ये उतरवा आणि जॉइन त्याच्याशी लावा, किंवा त्या स्टेटमेंटला रीकम्पाइलचा, म्हणजे दर वेळी नवा प्लॅन बनवण्याचा, पर्याय द्या. पण त्याआधी प्रत्यक्ष एक्झिक्युशन प्लॅन काढून अंदाजे आणि खऱ्या ओळींचे आकडे डीबीएला दाखवा. प्लॅन न बघता सांगितलेला उपाय घेऊ नका, माझाही.

इतवारी: मर्जमध्ये (असलेली ओळ बदलणाऱ्या, नसलेली घालणाऱ्या कमांडमध्ये) ८६७२ एरर अधूनमधून येते. हुबेहूब सारख्या ओळी गाळणारा डिस्टिंक्ट लावून चार महिने ढकलतोय.

चार महिने फार झाले. एकाच आयटमच्या दोन ओळी आल्या आणि दोन्ही त्याच रेकॉर्डला अपडेट करू पाहतात, म्हणून ही एरर येते. नग वेगळे असले की डिस्टिंक्टला त्या दोन वेगळ्या ओळीच दिसतात. टाइपमध्ये आयटम कोडवर प्रायमरी की (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) लावा, म्हणजे दुहेरी ओळ दारातच अडेल. दोन ओळींची बेरीज करायची की शेवटची धरायची, हे मात्र धंद्याच्या मालकाला विचारून ठरवा. ते प्रोग्रामरनं ठरवायचं नाही.

कामठी: टाइपमध्ये एक कॉलम वाढवायचा आहे.

टेबल टाइपला आल्टर, म्हणजे आहे त्यातच बदल करायची सोय, नाही, आणि एखादी प्रोसीजर तो वापरत असेल तर तो ड्रॉपही होत नाही, म्हणजे काढताही येत नाही. नव्या नावानं टाइप करा, त्यावर नवी प्रोसीजर, मग ॲप तिकडे वळवा आणि जुनं शेवटी काढा. नव्या टाइपवर एक्झिक्युटची परवानगी द्यायला विसरू नका.