डीएसएल सारखं तुटतंय? आधी लाइन तपासा

डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट. ते सारखं तुटत असेल तर सर्वात आधी वाय-फाय बाजूला ठेवा. कॉम्प्युटर लॅन केबलने थेट मोडेमला जोडून स्पीड बघा. केबलवर ठीक आणि वाय-फायवरच रडत असेल तर लाइनला दोष देऊ नका, राउटरची जागा किंवा चॅनल बदला.

केबलवरही तीच रड असेल तर मोडेमच्या सेटिंग पेजवर डीएसएल स्टेटस उघडा. तिथला एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलकडे किती जास्तीची ताकद शिल्लक आहे, हा आकडा मोलाचा. १० डेसिबलच्या वर असेल तर उत्तम. ६ च्या खाली गेला की लाइन तुटण्याची शक्यता वाढते. अ‍ॅटेन्युएशन (वाटेत सिग्नल क्षीण होणं) मुख्यतः टेलिफोन एक्स्चेंजपासूनच्या तारेच्या लांबीमुळे येतं, त्यावर घरात इलाज नाही. सीआरसी एरर (खराब होऊन पोचलेल्या डेटाची मोजणी) भराभर वाढत असतील तर तारेत गोंगाट शिरतोय.

आता घरातलं वायरिंग वगळा. सगळे फोन, पॅरलल जोडण्या (त्याच लाइनवरचे जादा सॉकेट) काढा आणि बाहेरून तार जिथे घरात येते त्या पहिल्या सॉकेटला छोट्या वायरने फक्त मोडेम लावा. मार्जिन सुधारला तर दोष घरातच: बहुधा एखाद्या फोनला फिल्टर (इंटरनेटचा सिग्नल फोनपासून अडवणारी छोटी डबी) नाही, स्प्लिटर (फोन आणि मोडेमची लाइन वेगळी करणारी डबी) खराब आहे किंवा जोड गंजलाय. स्प्लिटर नसेल तर फिल्टर प्रत्येक फोनला हवाच, मोडेमला नको.

सुधारला नाही तर त्याच सॉकेटला साधा फोन लावून एक आकडा दाबा, म्हणजे डायल टोन थांबेल, आणि ऐका. खरखर येत असेल तर तक्रार ‘फोनवर आवाज येतो’ अशीच नोंदवा, कारण तो तांब्याच्या जोडातला दोष असतो. पावसात वाढत असेल तर तेही सांगा.

आणि मोडेम सारखा बंद-चालू करू नका. काही कंपन्यांची यंत्रणा त्याला अस्थिर लाइन समजून स्पीड आणखी कमी करते.