बेळगाव जिल्ह्यात कृष्णेतून कयाकने जायचं असेल, तर कोणता टप्पा निवडावा? काठावर जुनं काही बघायला मिळेल का?

खिद्रापूर ते येडूर. मी चिकोडी तालुक्यातला, नदीकाठचाच, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. पण हा टप्पा सुचवण्यामागे एक कारण आहे, आणि ते खिद्रापूरच्या देवळात उभं राहिल्यावरच नीट कळतं.

खिद्रापूर तसं महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात. समोरच्या काठावरचं जुगूळ मात्र आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं, कागवाड तालुक्यातलं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. यादव राजा सिंघणाचा शिलालेखही तिथं आहे. लोक स्वर्गमंडपाचे फोटो काढतात आणि परततात. फोटो काढण्यासारखा तो आहेच: 48 खांब, मधोमध छताला गोल मोकळी जागा आणि बरोबर तिच्याखाली तेवढीच गोल शिळा. पण तुम्ही बाहेरच्या बाजूला खाली वाकून बघा. सगळं देऊळ हत्तींच्या पाठीवर तोललंय. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फुटल्यात, तरी प्रत्येकाच्या अंगावरच्या घंटा-साखळ्या वेगळ्या कोरलेल्या दिसतात.

आता नंदी शोधा. सापडणार नाही. महादेवाचं एवढं मोठं देऊळ आणि समोर नंदी नाही! आमच्याकडं कथा अशी सांगतात की सती दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून. तिथं तिनं देह टाकला, महादेव कोपले, म्हणून हे कोपेश्वर. आणि नंदी राहिला तो कर्नाटकातल्या, आमच्या चिकोडी तालुक्यातल्या येडूरला. येडूरला त्याचं वेगळं देऊळ आहे. शिवाय दक्षाचा यज्ञ मोडणाऱ्या वीरभद्राचं मोठं देवस्थानही तिथंच. म्हणजे एका कथेचे दोन तुकडे दोन राज्यांत पडलेत आणि मधून कृष्णा वाहते. रस्त्यानं हे अंतर बारा-एक किलोमीटर, नदीनं वळणांमुळं थोडं जास्त. घाई न करता निघालात तर सकाळ जाते.

नदीबद्दल खरं सांगायचं तर 'निसर्गरम्य' म्हणून जे डोळ्यासमोर येतं तसं इथं काही नाही. डोंगर नाही, खळाळ नाही. दोन्ही बाजूंना काळ्या मातीची उंच दरड, वर ऊस. जागोजागी जॅकवेल (पाणी उपसायच्या विहिरी) आणि मोटारींचे पाइप पाण्यात उतरलेले. पाइपांपासून आणि केबलींपासून लांब राहा, कयाक मधल्या धारेतच ठेवा. कडेला केंदाळ (जलपर्णी) साठलेलं असेल तर त्यात वल्हं अडकतं. पण सकाळी धुकं विरताना बगळे, खंड्या दिसतात, धुणं आपटल्याचा आवाज दोन्ही काठांवरून येतो, आणि हाका कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन्ही!

कधी यायचं? पावसाळ्यात अजिबात नको. 2005, 2019 आणि 2021 साली या गावांत पाणी कुठवर चढलं होतं ते कुणालाही विचारा, भिंतीवरची खूण दाखवतील. पाऊस संपला, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी संथ उभं राहतं. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. उन्हाळ्यात पात्र आटतं आणि कोयनेचं पाणी सोडा म्हणून इकडून मागणी सुरू होते.

काहींना नरसोबाच्या वाडीपासून निघायची हौस असते. कुरुंदवाडचा घाट, संताजी घोरपड्यांची समाधी हे सगळं बघण्यासारखं आहे, पण ते गाडीनं बघा. मध्ये राजापूरचा बंधारा येतो, तिथं कयाक उचलून न्यावी लागेल. बंधाऱ्याच्या जवळ वल्हवत जाऊच नका, वरून पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. येडूरलाही तेच. कल्लोळ-येडूर बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडं काठाला लागा.

आणि हो, मगरी. या पट्ट्यात त्या आहेत, ही अफवा नाही. थंडीत ऊन खायला काठावर पडलेल्या असतात. लांबून बघा आणि पुढं व्हा. पोहायला उतरू नका, हातपाय पाण्यात सोडून बसू नका, तिन्हीसांजेच्या आत बाहेर या. लाइफ जॅकेट काढायचं नाही. मुलं बरोबर असतील तर मी हा टप्पा सुचवणारच नाही. त्यांना घेऊन दांडेलीजवळच्या गणेशगुडीला काळी नदीवर जा, तिथं बोटिंगची सगळी व्यवस्था असते.

कयाक स्वतःचीच आणावी लागेल, इथं भाड्यानं मिळते असं धरून येऊ नका. निघण्याआधी खिद्रापुरात नावाड्यांशी बोला. आज पाणी किती आहे, मगर कुठल्या वळणावर बसते, हे त्यांना मोबाइलमधल्या नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. दोन राज्यांची हद्द आहे, तेव्हा दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांत आधी कळवलेलं बरं. एक गाडी आदल्या रात्रीच येडूरला लावून ठेवा, नाहीतर ओल्या कपड्यांनी कयाक घेऊन उसाच्या ट्रॅक्टरला हात करत उभं राहावं लागेल.