खाण कंपनी बुडाली तर मागे राहिलेलं विष कोण सांभाळतं? कॅनडाच्या उत्तरेत काय झालं?
सरकार, म्हणजे शेवटी करदातेच. यलोनाइफजवळची जायंट माइन ही सोन्याची खाण घ्या. १९९९ मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जमिनीखालच्या कोठारांत आर्सेनिक ट्रायऑक्साइड या विषाची २,३७,००० टन भुकटी तशीच राहिली. पिठासारखी बारीक, पाण्यात विरघळणारी. ती उपसणं जास्त धोक्याचं, म्हणून केंद्र सरकारने कोठारांभोवतीचा खडकच गोठवायचं ठरवलं. थर्मोसायफन नळ्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतात, वीज लागत नाही. खर्चाचा अंदाज चार अब्ज डॉलरच्या वर.

मला मात्र सलतं ते वेगळंच. १९५१ मध्ये तिथल्या डेने या आदिवासी समाजाचं एक लहान मूल आर्सेनिकच्या विषबाधेने गेलं. खाणीच्या धुरातलं आर्सेनिक बर्फावर बसायचं, आणि बर्फ वितळवून पाणी पिणं ही तिथली रोजची रीत होती.