कापसाला युरियाची गोणी की नॅनो युरियाची बाटली?

प्रश्न : कापूस 35 दिवसांचा आहे. युरियाचा दुसरा हप्ता न देता नॅनो युरिया फवारला तर चालेल का? कीटकनाशकात मिसळावा का?

उत्तर : हप्ता टाळू नका. 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांप्रमाणे 20.7 किलो नत्र असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत, लेबलवर 4 टक्के असेल तर 20 ग्रॅम आणि 20 टक्के असेल तर 100 ग्रॅम. कण 20 ते 50 नॅनोमीटरचे असल्याने पर्णरंध्रांतून आत शिरतात, वाया कमी जातात, हे मान्य केले तरी ग्रॅमाचे किलो होत नाहीत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने नत्राची निम्मी मात्रा कापून त्याजागी नॅनो युरिया फवारून पाहिला. गव्हाचे उत्पादन 21.6 टक्क्यांनी घटले.

साध्या युरियाच्या 2 टक्के फवारणीत 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया लागतो. त्यात 138 ग्रॅम नत्र, म्हणजे एका पंपात अख्ख्या बाटलीपेक्षा जास्त! पाऊस लांबून जमिनीतून खत लागू होत नसेल, तर आधी हा स्वस्त उपाय करा.

बाटली घरात आलीच असेल, तर हप्ता देऊन वरून पूरक म्हणून वापरा. आधी अंतिम मुदत बघा, बाटली चांगली हलवा. लिटरला 2 ते 4 मिली, म्हणजे पंपाला 30 ते 60 मिली. पहिली फवारणी आत्ता, दुसरी 20-25 दिवसांनी. सकाळी दव उडाल्यावर किंवा उन्हं उतरल्यावर पाने नीट भिजतील अशी, बारीक तुषाराच्या नोझलने फवारा. भर दुपारी थेंब पानावरच सुकतात आणि आत काही जात नाही. 12 तासांत पाऊस झाला तर फवारणी पुन्हा करावी लागते.

कीटकनाशकात मिसळण्याआधी काचेच्या बरणीत लिटरभर पाण्यात दोन्ही त्याच प्रमाणात घालून अर्धा तास ठेवा. तळाशी साका बसला, द्रावण फाटले किंवा बरणी गरम लागली तर एकत्र फवारू नका. नॅनो डीएपी (नत्र-स्फुरदाचे बाटलीतले द्रव खत) तर कॅल्शियम नायट्रेटसोबत कधीच नको. स्फुरद आणि कॅल्शियमचा साका होऊन नोझल तुंबते.

शंका असेल तर चार ओळी फवारणीविना सोडा आणि वेचणीचा कापूस वेगळा तोला.

आणि बाटली घेतली तरच गोणी मिळेल असे दुकानदार म्हणत असेल, तर ते बेकायदा लिंकिंग आहे. पक्के बिल मागा आणि पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या.